आतलं तापमान

२ मार्च

रविराजशी तासभर फोनवर बोललो आणि हवामान केंद्राचं एकदाचं पक्कं केलं. फोनवर जे हवामान दाखवतात ते पाटोद्याचं. पाटोदा आणि आमची वाडी यांच्यामध्ये अख्खा डोंगर आडवा आहे, पण तो फोनला दिसत नाही. तिकडे ढग आले की फोन मला छत्री घ्यायला सांगतो आणि इथे धूळ उडत असते. दहा वर्षं या गावाचा सरपंच होतो. मागच्या निवडणुकीत गावाने मला विश्रांती दिली. रिकाम्या माणसाने काहीतरी उपयोगाचं करावं.

रविराज आमचा मुलगा, पुण्यात कंपनीत इंजिनियर आहे. त्याने तीन केंद्रं सुचवली. पहिल्यात नुसतं तापमान आणि हवेतला ओलावा. तसलं घड्याळातसुद्धा मिळतं. तिसरं कृषी विद्यापीठात असतं तसलं, त्याची निगा राखायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. मधलं घेतलं. पाऊस, वारा, वाऱ्याची दिशा, ऊन, सगळं एकाच खांबावर, आणि आकडे दाखवायला घरात ठेवायचा डिस्प्ले. रविराजला सांगितलं की पाऊस मोजायला हवाच म्हणून घेतो. खरं कारण म्हणजे वारा मोजणाऱ्या वाट्या फिरताना रस्त्यावरून दिसतात.

बायको, कौशल्या, ज्वारी निवडत ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्या यंत्रानं गार व्हतं का?"

"गार करायचं न्हाई ते. मोजायचं हाय."

"मंग मोजून काय करायचं?"

सकाळी तिला परसात चक्कर आली होती, हातपंपाला धरून बसली होती. रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यामुळे चिडचिड होते. मी मनावर घेतलं नाही.

१२ मार्च

खोकं आलं. रविराज म्हणत होता, थांबा, मी सुट्टीला येऊन बसवतो. मला कुठला दम. पंडितला बोलावलं आणि दोघांनी मिळून खांब गच्चीवर उभा केला. पंडित माझा शाळेपासूनचा मित्र. निवडणुकीत त्याने उघडपणे माझ्या विरोधात प्रचार केला, पण चहाला रोज माझ्याच बैठकीत असतो.

दुपारी यंत्राने पाऊस पडतोय म्हणून सांगितलं. चार मिलिमीटर. आभाळ कोरडं ठणठणीत. गच्चीवर पळत गेलो तर लाईट आल्याबरोबर मोटार सुरू झालेली, टाकी भरून वाहत होती आणि त्याची धार थेट पाऊस मोजायच्या भांड्यात.

"रामप्रसाद, सोताच्या घरापुरता पाऊस पाडायलास का बे?" पंडितने विचारलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पारावर पोचलेली होती.

१६ मार्च

आज रविराजने फोनवरून यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत समजावून सांगितली. आम्ही सगळंच चुकीचं केलं होतं. यंत्र तापलेल्या स्लॅबवर ठेवायचं नसतं. पत्र्याजवळ नाही, भिंतीला लागून नाही, चुलीच्या किंवा धुराच्या आसपास तर अजिबात नाही. त्याला डोक्यावर सावली लागते आणि चारी बाजूंनी वारा खेळता लागतो, नाहीतर ते जास्त तापमान दाखवतं आणि आतले भाग लवकर खराब होतात.

दिवसभर राबलो. परसात मोकळी जागा बघून खड्डा घेतला, खांब सिमेंटमध्ये बसवला. भोवती पाणी मारून हरळी लावली. खांबाला पांढरा रंग दिला, म्हणजे ऊन परतेल. कौशल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. कपाळावरून घाम निथळत होता तिच्या.

"लई नशीबवान हाय," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमचं यंत्र."

तिला आवडलंय म्हणायचं. बरं वाटलं.

१७ मार्च

डिस्प्ले कुठे ठेवायचा यावर सकाळ गेली. मला तो बैठकीत हवा होता, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. पण आमची बैठक जुन्या दगडी बांधणीची, भिंती दोन हात जाड. उन्हाळ्यात गार राहते, शिवाय कूलर आहे. परसातल्या खांबावरून निघालेला सिग्नल त्या भिंतीतून येत नाही. शेवटी एकच जागा सापडली. मागचं पत्र्याचं स्वयंपाकघर. त्याची छोटी खिडकी परसाकडे आहे. खिडकीखालच्या मांडणीवर डिस्प्ले ठेवला.

मला स्वयंपाकघरात जायचं काही कारण पडत नाही. म्हणून अशी पद्धत ठरवली की मी बैठकीतून विचारायचं आणि कौशल्याने वाचून सांगायचं. डिस्प्लेवर दोन आकडे असतात, एक बाहेरचा आणि एक डिस्प्ले जिथे ठेवलाय तिथला. आज पहिल्यांदा विचारलं.

"बाहीर छत्तीस. आत एक्केचाळीस," ती आतून म्हणाली.

"आतलं ऱ्हाऊ दे. बाहीरचं तेवढं सांगत जा."

२९ मार्च

एक अडचण आहे. आतला आकडा चूक येतो. कौशल्याला नको म्हटलं तरी ती दोन्ही आकडे सांगते, म्हणून माझ्या लक्षात आलं. बाहेर उन्हात एकोणचाळीस असेल तर घरात सावलीत त्याहून कमी हवं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमचं यंत्र आत त्रेचाळीस दाखवतं. नव्या वस्तूत दोष निघावा याचा संताप आला.

९ एप्रिल

गुढीपाडवा. मुहूर्त बघून आजपासून देवळाच्या भोंग्यावर हवामान सांगायला सुरुवात केली. ग्रामपंचायतीने परवानगी दिली. पंडितने मध्ये शब्द टाकला, तेवढा तो कामाचा आहे. मी मोजक्या शब्दांत सांगितलं. आजचं तापमान चाळीस अंश, वारा पश्चिमेचा. म्हातारी माणसं, बायका, लेकरं यांनी दुपारी घराबाहेर पडू नये. घरातच थांबावं, भरपूर पाणी प्यावं.

देवळातून परतताना शेजारची मोहिनी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन भेटली. "आबा, आमी घरातच असतो की ओ," ती म्हणाली आणि हसत निघून गेली. मी म्हटलं, हेच तर पाहिजे.

चार जणांनी चौकशी केली. बऱ्याच दिवसांनी कुणी मला थांबवून काही विचारलं.

१६ एप्रिल

यंत्राच्या कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलत होती. तिला सगळं सांगितलं, की बाहेरचं रीडिंग चोख आहे, आतलं पाच-सहा अंश जास्त येतं.

"सर, डिस्प्ले कुठे ठेवलाय?"

"सैपाकघरात."

"तिथे वर काय आहे?"

"पत्रा. अन् खाली चूल."

"मग सर, रीडिंग बरोबर असू शकतं. तिथे दिवसभर कोणी असतं का?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो. "घरातलंच माणूस असतंय."

ती म्हणाली, सर, डिस्प्ले थंड जागी हलवून बघा. मी तिला बैठकीच्या भिंतींचं सांगितलं. तिला काही समजलं नसावं. पुरुष माणूस फोनवर असता तर लगेच तोडगा निघाला असता.

१७ एप्रिल

तोडगा निघाला. रविराजनेच काढला. डिस्प्लेमध्ये दुरुस्तीची सोय असते. यंत्र जितकं जास्त दाखवतं तितकं कायमचं वजा करून ठेवता येतं. तो फोनवरून सांगत गेला, कौशल्या बटणं दाबत गेली, कारण मला त्या उकाड्यात चष्म्यावर घाम येऊन काही दिसेना. सहा अंश वजा केले. आत अडतीस दिसू लागलं.

"झालं बगा," रविराज म्हणाला.

कौशल्याने फोन माझ्याकडे दिला आणि पदराने मान पुसली. "आकडा उतरला," ती म्हणाली. "मला काई गार वाटंना झालंय."

आता यावर काय बोलायचं! मी रविराजला म्हटलं, तुझ्या आईला यंत्रातलं कळत नाही. तो हसला. तीसुद्धा हसली, आणि पिठाचा डबा घेऊन चुलीकडे गेली.

२६ एप्रिल

बाहेर एक्केचाळीस. आत एक्केचाळीस. म्हणजे आता हिशेब जुळू लागला.

कौशल्याचं जेवण कमी झालंय. ताक पिते नुसतं. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणते. पाटोद्याला दाखवून येऊ म्हटलं तर म्हणाली, "आखिती होऊ द्या, मंग जाऊ."

४ मे

आखितीवरून थोडी बोलाचाली झाली. आमच्यात आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाण्याची घागर पुजतात. वर गेलेल्या माणसांना वैशाखात तहान लागते, त्यांचा जीव गार व्हावा म्हणून ही रीत. वडील गेल्यापासून मी ती कधी चुकवली नाही. भावकी जेवायला असते. पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी, सगळं.

कौशल्या म्हणाली, "औंदा रातच्याला जेवू घालू का लोकांना? सैपाक दिवस कलल्यावर करते. लई उकडायलंय ओ आत."

मी समजावून सांगितलं. पितरांना घास दुपारच्या आत द्यावा लागतो. त्यांच्या तहानेला संध्याकाळ चालत नाही.

ती म्हणाली, "बरं."

तिचा आवाज उतरलेला होता, ते मला जाणवलं. पण रीत ती रीत. मोहिनी मदतीला येणार आहे, म्हणजे तेवढं काम हलकं होईल.

११ मे, पाटोदा

दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. काल लिहायला जमलं नाही.

काल आखिती होती. सकाळी घागर पुजली. नवी मातीची घागर, त्यावर खरबूज, वाळ्याची जुडी. वडिलांचं नाव घेऊन पाणी सोडलं. देवळात जाऊन भोंग्यावर सांगितलं, आज बेचाळीसच्या पुढे जाईल, घरातच थांबा. परतलो तेव्हा भावकी बैठकीत जमली होती, कूलर जोरात लावलेला होता. मी सगळ्यांना वारा कुठून वाहतोय ते समजावून देत होतो. मग आतल्या दाराकडे तोंड करून विचारलं, "किती झालं गं?"

उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. सगळे बघत होते, मला राग आला. तिसऱ्यांदा हाक मारणार, तेवढ्यात मोहिनी ओरडली.

कौशल्या चूल आणि मांडणीच्या मध्ये पडली होती. तव्यावरची पोळी जळून काळी झालेली. अंगाला हात लावला तर तापलेल्या भांड्याला लागावा तसा चटका बसला, आणि घामाचा टिपूस नव्हता. डोळे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. रामप्रसाद आहे मी, असं मी तिला दोनदा सांगितलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिच्यासमोर माझं नाव मी कधी घेतलं नव्हतं. मोहिनीने पुजलेली घागर उचलली आणि सगळी तिच्या अंगावर ओतली. पंडितने जीप आणली.

डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात कुठे गेल्या होत्या?"

"न्हाई. घरातच होती. मी सगळ्या गावाला सांगतो, घराबाहेर पडू नका म्हणून."

"घरात कुठे?"

"सैपाकघरात."

"तिथे किती तापमान असेल, काही अंदाज?"

मी अभिमानाने म्हणालो, "अंदाज कशाला, यंत्रच हाय. चाळीस असंल."

आणि म्हणता म्हणता मला आठवलं की ते चाळीस नाही. त्यातले सहा आम्ही काढून टाकले होते. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही. मान खाली घालून उभा राहिलो.

आज सकाळी तिने मला ओळखलं. पाणी मागितलं. डॉक्टर म्हणतात, अजून थोडा उशीर झाला असता तर हातातून गेल्या होत्या. मूत्रपिंडावर ताण आलाय, चार-पाच दिवस ठेवावं लागेल. आणि पुढेही जपावं लागेल. एकदा असा उष्माघात झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा लवकर होतो. "त्या खोलीत परत पाठवू नका," असं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

१३ मे

रविराज रात्रीच पुण्याहून आला होता. आज तो आईजवळ थांबला आणि मी तिच्यासाठी लुगडी न्यायला आणि पेज करायला घरी आलो.

स्वयंपाकघरात गेलो. सगळं तसंच होतं. पुरणाचं पातेलं आंबून गेलेलं, परातीत वाळलेली कणीक. मोहिनी आवरायला आली होती, तिला मी पाठवून दिलं. गॅस पेटवला, तांदूळ टाकले. दुपारची वेळ. पत्रा तडतड वाजतो, हे मला माहीतच नव्हतं. उन्हाने तापून वाजतो. पेजेला उकळी येईपर्यंतसुद्धा मला थांबवेना, दोनदा परसात येऊन श्वास घेतला. परसात यंत्र मजेत उभं होतं, भोवती हरळी, वाट्या फिरत होत्या.

डिस्प्लेवर आत चाळीस होतं. रविराजला फोन करून विचारलं, ते वजा केलेलं परत कसं घालायचं. त्याने एकेक बटण सांगितलं. आकडा शेहेचाळीसवर गेला.

"आबा," तो म्हणाला, "सहा वजा करा म्हणून मीच सांगितलं ओ."

"अन् बटणं तिच्याच हातानं दाबून घेतली," मी म्हणालो.

मला लाज वाटली. लिहितानाही वाटते आहे. यंत्र कधीच बिघडलेलं नव्हतं. ती रोज मला खरं सांगत होती आणि मी रोज, ते राहू दे, म्हणत होतो.

१४ मे

भोंग्यावर गेलो. नेहमीचं वाक्य जिभेवर आलं आणि पुढे सरकेना. शेवटी एवढंच सांगितलं. आज बाहेर बेचाळीस. आमच्या घरच्या स्वयंपाकघरात शेहेचाळीस. कौशल्याबाई पाटोद्याच्या दवाखान्यात आहेत, बऱ्या आहेत.

पंडित पायरीवर उभा होता. "घरातलं कावून सांगितलंस बे? लोक नावं ठेवतील."

"ठेवू दे."

दुपारी मोहिनी दारात आली. म्हणाली, "आबा, ते एक दिवस आमच्यात देता का? आमचा पत्रा तुमच्याहून खाली हाय." डिस्प्ले दिला. संध्याकाळपर्यंत तो पाच-सहा घरं फिरला. ज्या घरात जातो तिथल्या बाया आकडा बघतात आणि आपापल्या माणसाला हाक मारून दाखवतात, असं मोहिनीने सांगितलं. एका घरात तर नवऱ्याने तो उलटा करून ठेवला म्हणे.

१८ मे

कौशल्याला सोडलं. ती घरी आली नाही. तिचा भाऊ शिवशंकर सिरसाळ्याहून गाडी घेऊन आला होता, तिकडे घेऊन गेला. रविराजही पुण्याला परतला. मी म्हटलं, घरी चल, मी बघतो सगळं. ती गाडीत बसली होती, उशीला टेकून. म्हणाली, "काय बघता?"

गाडी निघाली.

ती रागावली असती तर समजूत काढता आली असती. ती रागावलेली नव्हती. तिने मला विचारलेला तो साधा प्रश्न होता. ती परत येणार की नाही, हे शिवशंकरला विचारायचं धाडस झालं नाही. न आली तर तिला कुणी बोल लावू शकणार नाही.

२१ मे

तीन दिवस विचार केला. पत्र्यावर गवत टाकावं, आतून छत मारावं, पंखा बसवावा. पत्र्याखाली उभा राहून प्रत्येक उपाय करून बघितला मनातल्या मनात. एकही पटला नाही. या घरात गार खोली एकच आहे आणि तिच्यात मी बसतो.

हे सुचल्यावर दिवसभर मी ते टाळत होतो, हेही लिहून ठेवतो. बैठक म्हणजे माझं काय काय आहे ते मलाच माहीत. इथे तंटे मिटले, सोयरिकी जमल्या, आमदाराची माणसं इथे येऊन बसली. सरपंचपद गेलं तरी बैठक होती, म्हणून मी होतो.

२४ मे

सोफा, खुर्च्या, दिवाण, सगळं पत्र्याच्या खोलीत हलवलं. मांडणी, डबे, गॅस बैठकीत आणला. कुंभाराकडून नवी चूल आणली आणि कोपऱ्यात मातीत बसवून सारवली. सारवणं मला जमलं नाही, मोहिनीने पुन्हा केलं. चूल पेटवली नाही. नवी चूल घरच्या बाईने पेटवायची असते. मी गॅसवर माझं करून खातो. भाकरी अजून गोल होत नाही.

पंडित दारातून आत आला आणि तसाच थबकला. "बैठकीत चूल? रामप्रसाद, डोकं फिरलं का बे तुझं? माणसं कुठं बसायची?"

"मागं. चल, च्या ठेवतो."

२७ मे

आज पत्र्याच्या खोलीत चौघे आले होते. पाणंद रस्त्याच्या भानगडीत मी मध्ये पडावं अशी त्यांची इच्छा. पंडितही होता. चूल आता तिथे नाही, तरी गावभर फिरून परत आलेला डिस्प्ले चव्वेचाळीस दाखवत होता. मी चहा आणला. एकाने अर्धा कप ठेवला आणि टोपीने वारा घेऊ लागला. दुसऱ्याला अचानक मोटार बंद करायची आठवली.

पंडित सगळ्यात शेवटी उठला. सदरा पाठीला चिकटला होता. "लई उकडतंय रे हितं," तो म्हणाला. "परसातल्या झाडाखाली बसत जाऊ." दारापर्यंत गेला आणि परत वळला. त्या काळ्या पडलेल्या कोपऱ्याकडे, जिथे जुनी चूल होती तिकडे, बघत राहिला. "वैनी हितंच असायच्या का, इतकी वर्षं? मी रोज च्या पिऊन जायचो."

मी कप धुवायला परसात आलो. तो घरी गेला तो नेहमीच्या रस्त्याने न जाता थेट आपल्या मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरला, हे मी परसातून बघितलं.

संध्याकाळी शिवशंकरला फोन केला आणि जे केलंय तेवढं सांगितलं. ये म्हणून निरोप दिला नाही. तिचं तिने ठरवावं.

३ जून

कौशल्या आली.

शिवशंकरने वेशीवर सोडलं, ती चालत घरी आली. वाळली आहे, पण चेहऱ्यावर पाणी आहे. चपला काढल्या आणि सवयीने सरळ मागे पत्र्याच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे. खुर्च्या आणि दिवाण बघून ती थांबली.

"हितं माणसं बसवता?"

"हं."

"टिकतात का?"

"न्हाई टिकत."

तेव्हा ती हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली, आणि मग डोळे पुसले. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती बैठकीकडे वळली.

नव्या चुलीवरून हात फिरवला. डबे बघितले. मीठ आणि साखर मी शेजारी शेजारी ठेवली होती, तो डबा उचलून लांब ठेवला. मग तिने मान वर केली आणि चारी भिंती बघून घेतल्या. बैठकीला रस्त्याकडचं एक दार आणि आत जायचं एक दार. बाकी सगळा दगड.

"धूर कुठून जायचा?" तिने विचारलं.

मी चुलीकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. एवढे दिवस मी सगळा विचार केला होता, असं मला वाटत होतं. धूर माझ्या डोक्यातच आला नाही. यंत्राला वारा कुठून मिळेल ते मी इंच इंच मोजून ठरवलं होतं.

"गॅसवरच करू," मी म्हणालो.

"भाकर चुलीवरचीच लागती तुमाला." ती रागाने बोलत नव्हती, जे आहे ते सांगत होती. मग म्हणाली, "मला बी."

पाणी तापवायच्या बंबाखालचा एक कोळसा तिने आणला. चुलीवरच्या भिंतीवर, हात पोचेल तिथपासून, आडवी रेघ ओढू लागली. मी सरपंच असताना झालेल्या सत्काराचा मोठा फोटो त्या भिंतीवर आहे, शाल, नारळ, हारतुरे. कोळसा त्याच्या लाकडी चौकटीला अडला. तिने हात तिथेच ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर चढून फोटो उतरवला. तिने रेघ पुरी केली, मग खाली दोन उभ्या, मग तळाची.

"येवढी मोठी?" मी विचारलं.

"येवढी."

चहाला आलेला पंडित म्हणाला, एवढ्या जाड भिंतीला खिडकी पाडायची तर सिरसाळ्याचा नाहीतर पाटोद्याचा गवंडी बोलवावा लागेल, दोन दिवस लागतील. बोलावू म्हटलं. तोवर मी गोठ्यातून पहार आणली. चुना दगडासारखा झालाय, पहिला दगड हलायला संध्याकाळ झाली. कौशल्याने पत्र्याच्या खोलीतून माझी हातांची खुर्ची आणून दारात वाऱ्याला ठेवली होती. तिच्यात बसून ती मला कुठे मारायचं ते सांगत होती.